खातं कोणतं, मंत्रीसाहेब?

अमेरिकेत नोव्हायला मुलाच्या घरी मी पहिल्यांदा लांबचा मुक्काम केला, ती ऐंशी सालानंतरची गोष्ट. घराला कुंपण नव्हतं. आमचं गवत कुठं संपतं आणि शेजाऱ्याचं कुठं सुरू होतं हे फक्त गवत कापणाऱ्या मशीनला ठाऊक. मी मुलाला म्हटलं, "अरे, हद्द तरी आखून घे."

"आबा, इथं कोणी हद्दीवरून भांडत नाही."

"भांडण नसलं तरी हद्द असावी," मी म्हटलं. ते माझं मत आजही बदललेलं नाही.

पण कुंपण नव्हतं म्हणूनच मला शेजारचा म्हातारा दिसला. उंच, वाळलेला, भुवया पांढऱ्या आणि दाट, डोक्याला गवती टोपी. जुलैच्या उन्हात खुर्ची टाकून बसायचा. हातात पेपर नाही, पुस्तक नाही, काही नाही. नुसता बसलेला माणूस मला ओळखू येतो. एक असतो विसावा घेणारा आणि एक असतो ज्याच्या हातचं काम काढून घेतलंय असा. हा दुसरा होता.

मी मुलाला विचारलं, तर तो म्हणाला, "शेजारच्या नर्सबाईंचे वडील. डेन्मार्कहून आलेत. बायको वारली म्हणून मुलीनं इकडं आणलंय. तिकडं मिनिस्टर होते म्हणे."

मी ताडकन उठलो. "मिनिस्टर? आणि तू हे आता सांगतोस?"

"त्यात काय, आबा?"

"शेजारी मंत्री राहतोय आणि त्यात काय?"

"अहो मंत्री नव्हे. मिनिस्टर म्हणजे चर्चमधला. पाद्री. इथं पाद्र्याला मिनिस्टर म्हणतात."

आता मी चौथी शिकलेला माणूस. माझं इंग्रजी दुकानाच्या पाटीपुरतं. पण मिनिस्टर म्हणजे काय, हे मला मुलानं शिकवावं? आमच्या गावच्या दूध संस्थेचा मी चेअरमन होतो, एक-दोन नव्हे, कैक वर्षं. मिनिस्टरांच्या गाड्यांमागची जेवढी धूळ मी खाल्ली तेवढी या पोरानं भाकरीसुद्धा खाल्ली नसेल. मी म्हटलं, "तुझ्या कानाला अमेरिका लागलीय."

आणि त्यातून डेन्मार्क! सहकाराच्या शिबिरांत आम्हांला सतरंजीवर बसवून जे कोणी भाषण करायचे, ते पहिल्या पाच वाक्यांत डेन्मार्कवर यायचे. डेन्मार्कच्या दूध संस्था अशा, डेन्मार्कच्या गाई तशा. मला बरीच वर्षं वाटायचं, डेन्मार्क हे एखाद्या मोठ्या डेअरीचंच नाव असावं. त्या डेअरीतून आलेला मिनिस्टर पाद्री कसा असेल?

मंत्र्याला भेटायला रिकाम्या हातानं जायचं नसतं. सूनबाईनं मागच्या अंगणात झेंडू लावला होता, बी पुण्याहून आणलेलं. मी सकाळी सगळा खुडला आणि हार गुंफला. कोट घातला, टोपी घातली. सूनबाई बाहेर आली आणि झाडांकडं बघून तिचा चेहरा पडला.

"आबा, एक फूल तरी ठेवायचं!"

"हार अर्धा करतात होय? चल, दुभाषी म्हणून चल."

ती शाळेत शिकवायची, तेव्हा शाळेला सुट्टी होती. ती आली. मला सांगायला हरकत नाही, माझ्या मुलापेक्षा तिला विनोद जास्त कळतो.

आम्हांला येताना बघून म्हातारा उभा राहिला. माझ्या हातातला हार बघितला, तसं त्यानं टोपी काढली, मान खाली घातली आणि अगदी हळू आवाजात काहीतरी विचारलं. सूनबाईनं ओठ दाबून धरले.

"आबा, ते विचारतायत, कोण वारलं?"

"काय?"

"त्यांच्याकडं असा फुलांचा हार मयताला नेतात."

मी म्हटलं, "सांग त्यांना, आमच्याकडं मयतालाही नेतात आणि मंत्र्यालाही. पुष्कळदा माणूस तोच असतो."

तिनं ते कसं सांगितलं कोण जाणे, पण म्हातारा इतका मोठ्यानं हसला, की त्याची मुलगी हातातली भांडी टाकून दारात आली. वडिलांना हसताना तिनं बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं, असं ती नंतर सूनबाईला म्हणाली.

हार मी त्याच्या गळ्यात घातलाच. मग म्हटलं, "विचार त्यांना, खातं कोणतं?"

"आबा, चर्चमध्ये खातं नसतं हो."

"तू विचार तर."

तिनं विचारलं. म्हातारा माझ्याकडं बघत राहिला. मग बोटांवर मोजत एकेक सांगू लागला. शेती. दूध. लोणी. डुकरं. सूनबाईचे डोळे विस्फारले. तिनं पुढचं मला भरभर सांगितलं: ते खरेच शेतीखात्याचे मंत्री होते, पण या गल्लीत ते आल्यापासून सगळे त्यांना पाद्रीच समजतात. टपालपेटीपाशी बायका म्हणतात, आमच्या आईसाठी प्रार्थना करा. कोणाच्या अंगणात जेवण असलं की ताटावर आशीर्वाद मागतात. पहिल्यांदा त्यांनी समजावून पाहिलं, मग सोडून दिलं. आता मान खाली घालून डॅनिशमध्ये चार शब्द पुटपुटतात.

"काय पुटपुटतात?" मी विचारलं.

सूनबाईनं विचारलं आणि तीही हसायला लागली. "त्यांच्या जुन्या डेअरीच्या सभेत इतिवृत्त वाचायचे ना, त्याचं पहिलं वाक्य."

मी माझ्या छातीवर हात ठेवून म्हटलं, "चेअरमन. डेअरी." हे दोन शब्द त्याला दुभाष्याशिवाय कळले. त्या दिवसापासून तो मला मिस्टर चेअरमन म्हणायचा आणि मी त्याला मंत्रीसाहेब.

उन्हाळाभर आमची बैठक बसायची. मी खुर्ची घेऊन त्याच्या गवतावर, नाहीतर तो आमच्या. सूनबाई शेंगा सोलत मध्ये. त्याचा जन्म एका बेटावरचा. बाप गाई पाळायचा आणि घोड्याच्या गाडीतून दुधाचे कॅन डेअरीला न्यायचा. ती डेअरी गावच्या लोकांनीच काढलेली, त्याचा आजा काढणाऱ्यांतला. एक गाय असलेल्यालाही एक मत, पन्नास गाईंवाल्यालाही एकच. मी म्हटलं, "आमच्याकडंही तसंच, कागदावर." तो म्हणाला, "आमच्याकडं कागदावर नव्हतंच, नुसतं तसं होतं."

शाळा त्याचीही थोडी. पण मोठा झाल्यावर एक हिवाळाभर एका शाळेत राहिला, जिथं परीक्षाच नसते. व्याख्यानं ऐकायची, सगळ्यांनी मिळून गाणी म्हणायची आणि घरी जायचं. मी म्हटलं, "अशी शाळा आमच्या तालुक्यात असती तर मी आज कलेक्टर असतो." सूनबाई म्हणाली, "आबा, परीक्षा नसती तरी तुम्ही मास्तरांशी भांडून बाहेर आला असता." तेही खरंच म्हणा.

मग तो डेअरीच्या मंडळावर गेला, मग जिल्ह्याच्या, मग निवडून पार्लमेंटात. एक दिवस पंतप्रधानांचा फोन आला तेव्हा तो गोठ्यात होता. बायकोनं खिडकीतून हाक मारली. त्यानं सांगितलं, गाय व्यायलीय, थोड्या वेळानं करतो म्हणावं.

"आणि पंतप्रधान थांबले?"

"थांबले."

मी हे काही लगेच मान्य केलं नाही. गाडीवर लाल दिवा होता का, विचारलं. तर म्हणे राजधानीत सायकलवरून ऑफिसला जायचा. मंत्री, सायकलवरून! मी सूनबाईला म्हटलं, "तू चुकीचं सांगतेयस." तिनं परत विचारलं. सायकलच.

"मग लोकांना कळायचं कसं, मंत्री आला ते?"

"कळायचं नाही," तो म्हणाला. "पावसाळी दिवस सोडले तर तेच बरं होतं."

"भावाला, पुतण्याला कुठं चिकटवलं की नाही?"

"एकालाही नाही."

मी मान हलवली. "भाऊ बोलतो का अजून?"

तेव्हा तो हसला नाही. पायाशी गवत उपटत बसला. मला वाटलं, काहीतरी दुखतंय तिथं. मी विषय सोडला. मला हट्टी म्हणतात लोक, पण कुठं हट्ट करायचा ते मला कळतं.

ऑगस्टात आमच्या दिवाणखान्यात महाराष्ट्र मंडळाच्या कमिटीची मीटिंग झाली. गणपती शनिवारी बसणार होता आणि त्याच संध्याकाळी उठणार होता, कारण शाळेचा हॉल तेवढाच मिळाला होता. त्यावर माझं मत मी सांगितलं, कोणी ऐकलं नाही. मग निघाला प्रमुख पाहुण्यांचा प्रश्न. दर वर्षी कोणीतरी हार्टचा डॉक्टर आणायचे आणि तो तूप खाऊ नका म्हणून सांगायचा, मोदकाच्या दिवशी.

मी म्हटलं, "या वर्षी मी मंत्री आणतो."

अध्यक्ष होते एक डॉक्टरच, पुण्याचे, माणूस चांगला पण घाईचा. म्हणाले, "काका, कुठले मंत्री? इथं स्टेटचे सेक्रेटरी असतात."

"डेन्मार्कचे. आमच्या शेजारी राहतात."

"जेन्युइन आहेत ना?"

"माझा शब्द आहे."

शब्द म्हटल्यावर संपलं. माझा मुलगा मंडळाचा सेक्रेटरी, त्यानंच जाहिरातीचे कागद छापले, त्यात इंग्रजीत लिहिलं, प्रमुख पाहुणे डेन्मार्कचे माजी मिनिस्टर. आणि गावभर वाटले.

तिसऱ्या दिवसापासून फोन सुरू. 'गणपतीला पाद्री कशाला?' 'आमच्या मुलांना आधीच शाळेत बाप्तिस्मा घे म्हणतात, आता मंडळातही?' एका बाईंनी तर मोदकांची ऑर्डर कॅन्सल केली. मुलगा फोन ठेवायचा आणि माझ्याकडं बघायचा. मी म्हणायचो, "तूच म्हणाला होतास पाद्री. तुझ्यासारखेच सगळे."

पण खरं संकट पलीकडच्या अंगणात होतं. मी मंत्रीसाहेबांना आमंत्रण दिलं तेव्हा वाटलं होतं, खूश होईल. तो ताठ झाला. म्हणाला, "मी सभेत उभा राहत नाही."

"दोनच शब्द."

"एकही नाही, मिस्टर चेअरमन."

आणि मग त्या दिवशी त्यानं सांगितलं. सूनबाईनं शेंगांचं ताट खाली ठेवलं आणि सावकाश, जसं तो सांगत होता तसं, मला सांगत गेली.

तो मंत्री असताना छोट्या डेअऱ्या मोठ्यांत विलीन करायचं चाललं होतं. त्याला ते पटलेलं होतं. छोट्या टिकणार नाहीत, आज जोडल्या तर भाव तरी मिळेल. त्याच्या गावची डेअरीही त्यातलीच, आज्यानं काढलेली. दुसऱ्या कोणाला पाठवता आलं असतं, पण तो म्हणाला, माझ्या गावाला मीच सांगेन. गावच्या सभागृहात लांब टेबलं मांडलेली, सगळे आलेले, भाऊ पहिल्या रांगेत. तो तासभर बोलला. त्यांच्याकडं रीत अशी, की भाषण संपलं की बायका किटल्या घेऊन फिरतात, कॉफी ओततात, केक येतो, मग लोक बोलतात. त्याचं बोलणं संपलं. किटल्या टेबलावर वाफाळत होत्या. बायका हात बांधून भिंतीला उभ्या. कोणी ओरडलं नाही, कोणी प्रश्न विचारला नाही. कॉफी कोणी ओतलीच नाही.

"किती वेळ?" मी विचारलं.

"किटल्या थंड होईपर्यंत. मग मी टोपी घेतली."

पुढच्या निवडणुकीत तो पडला. सरकारही पडलं, पण ते वेगळं. त्यानंतर तो कुठल्याही व्यासपीठावर चढला नाही. बायकोच्या दफनालाही दोन शब्द बोलला नाही.

आमच्याकडं दुश्मन जरी दारात आला तरी आधी पाण्याचा तांब्या येतो, मग भांडण. पाणीसुद्धा विचारायचं नाही म्हणजे काय, हे मला कोणी समजावून सांगायला नको. शिव्या दिल्या असत्या तर माणूस झेलतो. मी सूनबाईला म्हटलं, "सांग, मला कळलं." आणि खुर्ची उचलून घरी आलो.

आता माझ्यापुढं काय उरलं? शब्द गेलेला. अध्यक्ष डॉक्टर रविवारी स्वतः घरी आले. "काका, प्लीज. लोक कन्फ्यूज झालेत. आपण ते आयटम कॅन्सल करू, मी हार्टवाल्यांना बोलवतो. कोणाचा इन्सल्ट नाही."

"माझा आहे," मी म्हटलं.

मुलगा चिडला. "आबा, ते स्वतःच नाही म्हणतायत! तुमच्या हट्टापायी मला सेक्रेटरीपद सोडावं लागेल."

"सोड. मी चेअरमनपद सोडलंय, माणूस मरत नाही त्यानं."

तो धाडकन दार लावून गेला. खरं सांगायचं तर त्या रात्री मी हिशेब मांडत बसलो. परक्या देशात मुलाच्या घरात राहायचं, आणि मुलाच्याच चारचौघांत माझा शब्द खोटा पडायचा. मग माझं तिथं काय राहिलं असतं? गवतावर बसलेला दुसरा म्हातारा.

सकाळी मी परत पलीकडं गेलो. सूनबाईला बरोबर घेतलं आणि पाठ करून ठेवल्यासारखं बोललो. "मंत्रीसाहेब, भाषण करू नका. फक्त या. आमच्यात रीत उलटी आहे. आधी कप हातात देतात, मग माणूस बोलतो. नाही बोलला तरी कप परत घेत नाहीत."

त्यानं ऐकलं. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. त्याची मुलगी दारात उभी होती, ती हातातल्या फडक्याला पीळ देत राहिली.

शनिवारी मी कोट-टोपी घालून बाहेर आलो, तर आमच्या गाडीपाशी तो उभा. काळा सूट, बटणं नीट लावलेली, केस पाण्यानं बसवलेले. माझ्या मुलाकडं बघून त्यानं मान लववली. मुलगा गाडीतून उतरला आणि त्याच्यासाठी पुढचं दार उघडलं.

हॉलमध्ये दोन-तीनशे माणसं, पोरांचा गलका, अगरबत्तीचा वास आणि भिंतीवर बास्केटबॉलची जाळी. आम्ही आत गेलो तशी कुजबुज झाली. मी त्याला पहिल्या रांगेत बसवलं. आरती झाली, पोरांचे नाच झाले. माइकवर एक तरुण होता, त्यानं कार्यक्रमाचा कागद बघितला, अध्यक्षांकडं बघितलं, अध्यक्षांनी डोळ्यांनी खूण केली आणि तो म्हणाला, "आता यानंतर आपण जेवणाकडं..."

मी उठलो. माझे गुडघे चांगले नाहीत, पण त्या दिवशी कुरकुरले नाहीत. मी त्याच्या हातातला माइक घेतला. "बस जरा, बाळा."

मी म्हटलं, "या कागदानं तुम्हांला वाटलं, मी गणपतीपुढं पाद्री आणतोय. मी मंत्री आणलाय. खातं: दूध. जसं आपल्या गावी संस्था काढायचे, तशी यांच्या आज्यानं काढली होती. हे बोलतील किंवा बोलणार नाहीत, ती त्यांची मर्जी. पण अजून यांना कोणी कॉफी विचारलेली नाही, आणि ही आपल्या मंडळाची लाज आहे."

मागं स्वयंपाकाच्या टेबलापाशी बायका उभ्या होत्या. क्षणभर कोणी हललं नाही. माझ्या डोळ्यांपुढं तेच सभागृह आलं, तीच हाताची घडी. मग एक बाई कप घेऊन निघाल्या. मोदक कॅन्सल करणाऱ्या त्याच त्या बाई, सूनबाईनं मला नंतर सांगितलं. सगळ्या हॉलमधून चालत त्या पुढं आल्या आणि कप त्याच्या हातात देऊन म्हणाल्या, "शुगर लागेल का, काका?" मराठीतच. घाईत इंग्रजी सुचलं नसावं.

त्यानं कप दोन्ही हातांत धरला. मग उभा राहिला. व्यासपीठावर चढला नाही, जिथं होता तिथंच, लोकांकडं तोंड करून. सूनबाई धावत त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.

तो म्हणाला, "या वर्षी मी पुष्कळ जेवणांना आशीर्वाद दिले. मला ते येत नाही. ती जेवणं तरीही बरी झाली असावीत." आधी पोरं हसली, मग आईबाप. मग त्यानं बेटाचं सांगितलं, घोड्याच्या गाडीचं, गोठ्यातल्या फोनचं. आणि डेअरीचं, कॉफी न मिळाल्याचंही. ते सांगताना त्यानं कप खाली ठेवला नाही.

मागून कोणीतरी इंग्रजीत विचारलं, डेअरीचं पुढं काय झालं?

"बंद झाली. माझे आकडे बरोबर होते, आजही बरोबर आहेत. पण मी गावाला विचारायला गेलो नव्हतो. सांगायला गेलो होतो." थोडा थांबून म्हणाला, "कॉफी देतात ती विचारायला येणाऱ्याला."

मला हे सगळं पटलं नाही. कॉफी सगळ्यांनाच द्यावी. पण ती त्याची गोष्ट होती, मी मध्ये बोललो नाही.

अध्यक्ष डॉक्टर स्वतः शाल आणि नारळ घेऊन पुढं आले. शाल पांघरली, मग माझ्याकडं वळून म्हणाले, "काका, तुम्ही आम्हांला आज घाम फोडलात." मी म्हटलं, "हार्टला चांगला असतो म्हणे." जेवताना त्याच्या ताटाभोवती कॉफीचे कप गोळा झाले, एकेक बाई आणून ठेवत होती. तो नाही म्हणाला नाही. सगळे प्याला. मुलगा माझ्या शेजारी येऊन बसला आणि त्यानं आपल्या ताटातला मोदक उचलून माझ्या ताटात ठेवला. आमच्यात तेवढं पुरतं.

ती शाल मंत्रीसाहेबांना फार आवडली. नोव्हेंबरात बर्फ पडला तेव्हाही ती सुटावर पांघरून तो पेपर आणायला दारापर्यंत जायचा. टपालपेटीपाशी बायकांनी आता ठरवून टाकलं, की तो हिंदू पुजारी झाला. एकीनं तर सूनबाईला विचारलं, ते घरी येऊन पूजा सांगतील का? आम्ही कोणाला काही समजावलं नाही.

सूनबाई परत शाळेला जाऊ लागली, दुभाषी गेला. पण आमचं अडलं नाही. त्याला मी दोन शब्द शिकवले होते. सकाळी मी आमच्या पायरीवर उभा राहून मोठ्यानं विचारायचो, "खातं?"

पलीकडून, बर्फातून, शाल सावरत तो ओरडायचा, "दूऽऽध!"